समुद्र डावीकडे ठेवून

आमच्या घरमालकांचा समुद्र बेसा चौक ओलांडला की सुरू व्हायचा. डाव्या हाताला. तिथे खरं म्हणजे लेआउट पडले होते, प्लॉट विकणे आहेची पाटी होती, एका मंगल कार्यालयाचं अर्धवट कुंपण होतं आणि कुंपणात एक म्हैस बांधलेली असायची. पण काकांच्या सहलीच्या आराखड्यात ही सगळी बाजू अरबी समुद्राची होती. आमच्यापैकी कुणाची सायकल त्या बाजूला जरा जास्त गेली की ते मागून बजावायचे, "पानी हाये वं तिकडे." आम्ही मुकाट्याने सायकल उजवीकडे घ्यायचो. म्हैस आमच्याकडे पाहत राहायची.

मी कोकणातली. बँकेतल्या बदलीने नागपूरला आले आणि खोली शोधत फिरले, तेव्हा प्रत्येक घरमालकाने मला आडनाव विचारलं आणि त्यानंतर स्वयंपाकात काय काय करता ते विचारलं. काकांनी दोन्ही विचारलं नाही. गाव कुठलं म्हणाले. मी सांगितलं. घरापासून समुद्र किती लांब म्हणाले. मी म्हटलं, परसाच्या मागे. यावर ते उठून आत गेले, काकूंना घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाय, हिच्या घरामागं हाये." काकूंनी मला नीट न्याहाळलं. भाडं, डिपॉझिट वगैरे गोष्टी नंतर जिन्यात उभ्या उभ्याच ठरल्या. मासळी केली तर चालेल का, असं मीच भीत भीत विचारलं, तर म्हणाले की कर, पण करताना जिन्याकडची खिडकी उघडी ठेव, वास खाली येऊ दे, आम्हाला सवय झाली पाहिजे.

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव कोकण पडलं. "ए कोकण, खाली ये वं," अशी हाक आली की समजायचं, आराखड्यात काहीतरी अडलं आहे.

काका एस.टी.त होते, पण ड्रायव्हर-कंडक्टर नव्हते. गाड्यांची वेळापत्रकं आखणाऱ्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी आखलेल्या गाड्यांमधून लोक कुठे कुठे जाऊन आले. काका स्वतः सहसा जवळच्या बुटीबोरीच्या पुढे गेले नाहीत. काकू महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि सायकलनेच कामावर जायच्या. लग्न ठरलं तेव्हा काकांनी त्यांना विचारलं होतं की तुला काय पाहिजे. काकू म्हणाल्या, समुद्र पाहायचा आहे. काका म्हणाले, नेतो. दुसरा एखादा नवरा विसरून गेला असता, नाहीतर सुट्टी काढून चार दिवस मुंबईला नेऊन आला असता. काकांनी ते आखायला घेतलं. संसार झाला, मुलगी होऊन ती लग्न करून रायपूरला गेली, दोघं निवृत्त झाले, बेशाला घर बांधलं. आखणं चालूच होतं.

समुद्रापर्यंत रेल्वेने जायचं, पण तिथली सहल एका दिवसाची आणि सायकलचीच हवी, यावर त्यांची ठाम मतं होती. एका दिवसाच्या वर गेली की ती सहल राहत नाही, मुक्काम होतो, आणि मुक्कामात माणसं भांडतात. सायकलबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ते मी निदान आठवड्यातून एकदा ऐकलं असेल: "गाडीतून पाह्यला समुद्र म्हंजे तो पाह्यला नसते, तो फक्त बाजूनं गेला असते." सगळं आयुष्य गाड्या वेळेवर सोडण्यात घालवलेल्या माणसाला असं वाटावं, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही.

माझ्या गावाहून निघून किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडेच जायचं, हेही पक्कं होतं. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, तेव्हा समुद्र डावीकडे असला तर मध्ये ट्रक येत नाहीत. उलट्या दिशेने गेलं की अर्धा वेळ समुद्राऐवजी टँकर पाहावे लागतात. हे मी किनाऱ्यावर जन्मून कधी मनात आणलं नव्हतं, आणि एका माणसाने नागपुरात बसून ते काढलं, याबद्दल मी त्यांना मानते.

तालीम रविवारी सकाळी असायची. काकूंना नऊ वाजता विहारात बायकांच्या वंदनेला जायचं असे, त्याच्या आत घरी परतायचं. पुढे काका, त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर. मध्ये काकू, जरीपटक्याच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या लेडीज सायकलवर. मागे मी, कारण प्रत्यक्ष सहलीत मागून येणारा माणूस वाट माहीत असलेला हवा. पुढे एक रेल्वेचं फाटक लागायचं. ती खाडी. फाटक बंद असलं की काका खूश व्हायचे, कारण फेरीबोटीची वाट पाहण्याचा सराव व्हायचा. फाटक उघडं असलं तरी आम्ही उतरून बाजूला उभे राहायचो आणि एक मालगाडी तरी जाऊ द्यायचो. मग काका म्हणायचे, "चला, बोट लागली." आणि आम्ही सायकली हातात धरून रूळ ओलांडायचो, कारण बोटीत सायकल चालवू देत नाहीत, ही माहिती त्यांनी माझ्याकडून काढून घेतली होती.

रूळ ओलांडल्यावर पोह्यांची टपरी. तिथे आम्ही तर्रीशिवाय, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा न घेता, पोहे खायचो. नागपुरात पोह्यांवर तर्री नको म्हणणं हे दुकानदाराच्या तोंडावर त्याला नावं ठेवण्यासारखं आहे. टपरीवाला पहिल्यांदा समजला की पोट बिघडलं असेल. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "काहून जी काका, तर्री खराब वाटते का?" काकांनी त्याला शांतपणे सांगितलं की तर्री उत्तम आहे, पण आम्ही जिथे चाललो आहोत तिथे ती मिळत नाही. त्याने आमच्याकडे आणि नंतर रस्त्याकडे पाहिलं. तो रस्ता वर्ध्याकडे जातो, आणि वर्ध्यात तर्री मिळते.

मे महिन्यात काकांना हवेचा प्रश्न पडला. नागपूरचं ऊन कोरडं. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, एवढं केलं की माणूस तगतो. मी सहज बोलले की आमच्याकडे ऊन इतकं नसतं, पण घाम सुकत नाही. काका दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी मी बँकेतून आले तर खालच्या सगळ्या खिडक्या बंद, दारं बंद, आणि आत कूलर पूर्ण जोरात चालू. नागपूरकर हे कधी करत नाही; कूलर लावला की खिडकी उघडतो, नाहीतर घराचं न्हाणीघर होतं. काकांनी जाणूनबुजून तेच केलं होतं. आत अंगाला चादर चिकटत होती, पापड मऊ पडले होते, कॅलेंडरची पानं कुरळी झाली होती. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर घाम गाळत बसले होते. काकांनी मला विचारलं की असंच असतं का. मी म्हटलं, अगदी असंच. काकू पदराने मान पुसत म्हणाल्या, "मंग लोक तेथी राहून तरी काहून राहिले?" 

वर्षातून एकदा मोठी तालीम असे, रामटेकच्या बाजूला. तेवढ्यापुरत्या सायकली टेम्पोत टाकायच्या आणि तलावाच्या काठाने चालवायच्या. गडावर जायचं नाही. काका म्हणायचे की गड आपल्या सहलीत नाही. तिथे एकदा तलावापाशी थांबून त्यांनी काकूंना समजावलं की समुद्र असाच, फक्त पलीकडचा काठ काढून टाक. काकूंनी डोळे बारीक करून काठ काढायचा प्रयत्न केला. मग विचारलं की काढला, आता तिथे काय दिसतं?  काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काही नाही, एक रेघ असते. काकू बराच वेळ त्या तलावाच्या टोकाकडे पाहत उभ्या राहिल्या. हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काका आखत होते आणि मी गंमत म्हणून त्यांच्या मागे जात होते. काकूंना मात्र खरोखर जायचं होतं.

आणि काकूंचे गुडघे गेले होते. आधी त्या उतरताना ओठ आवळायच्या, मग चढताना, मग बसल्या जागेवरून उठताना. डॉक्टरांनी साफ सांगितलं की दोन्ही गुडघे बदलायचे, याच हिवाळ्यात, आणि सायकल हा विषय आता सोडायचा. दुसरा कुणी हे ऐकून तिकीट काढायला धावला असता. काका धावले ते नकाशाकडे. वाटेत जिथे जिथे चढ होता, तिथे काकूंचे गुडघे आता टिकणार नव्हते. म्हणून चढ काढून टाकायचे. एक खिंड टाळायला ते चार गावं फिरून गेले, मग त्या फेऱ्याने अंतर वाढलं, मग अंतर कमी करायला पुन्हा खिंडीत आले. त्यांना तिच्या गुडघ्यांसाठीच सोपा रस्ता हवा होता आणि तो शोधण्यात तिचे गुडघे झिजत होते. हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हनूनच तर घाई करून राहिलो ना वं."

शेवटी त्यांना वाट सापडली. फोनवर वरून काढलेले फोटो पाहताना त्यांच्या लक्षात आलं की आमच्या गावापासून खाडीपर्यंत रस्त्याने जायची गरजच नाही. खाली पुळण आहे. रुंद, सपाट, ओली, कडक वाळू. मी दुजोरा दिला की त्या वाळूवर पोरं सायकली फिरवतात, क्रिकेट खेळतात. चढ नाही, ट्रक नाही, आणि समुद्र डावीकडे. त्या दिवशी काकांनी पोह्यांवर तर्री घेतली.

तरीही तारीख ठरेना. आता वाऱ्याचा अभ्यास निघाला होता.

एवढ्यात काकूंच्या बहिणीच्या मुलीचं लग्न आलं. नवरदेव बंदरावर नोकरीला, त्यामुळे लग्न तिकडेच, किनाऱ्यावरच्या एका गावात. सगळं गणगोत निघालं. काका म्हणाले की आपण येणार नाही. सहलीआधी समुद्र पाहिला तर इतक्या वर्षांच्या तालमीला अर्थ काय? पण तू जा, म्हणाले, पोरीचं लग्न आहे. जाताना वाऱ्याची दिशा बघून ठेव, एवढंच काम त्यांनी काकूंना सांगितलं. काकू गेल्या. मला वाटलं, चला, सुटली बाई. हिचं तरी पाहून होईल.

त्या परत आल्या तेव्हा काका दारातच उभे होते. वारा कोणत्या बाजूने होता? काकू म्हणाल्या, लक्षात नाही. पाण्याचा रंग? त्या म्हणाल्या, मांडवात गडबड होती. काका नाराज झाले. इतकं साधं काम सांगितलं होतं, असं ते मला दोनदा म्हणाले.

चार दिवसांनी काकूंची बहीण लग्नाचे लाडू घेऊन आली. मी खालीच होते. लाडवाचा डबा काकांच्या हातात देत ती म्हणाली की आमच्या बाईला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. रिक्षातून सगळे पाणी बघतात, ही तोंडावर पदर घेऊन बसली. हॉलच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा, तर ही गच्चीत पाय ठेवायला तयार नाही. संध्याकाळी सगळं वऱ्हाड चौपाटीवर गेलं आणि ही मागे, पाहुण्यांच्या बॅगा राखत. "भाऊजी, हे तिकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. काहून, तं सांगत नाई."

काकू स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. त्यांनी ऐकलं, पण बाहेर आल्या नाहीत. काका डबा हातात धरून तसेच उभे होते. बहीण गेल्यावर त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि मला विचारलं की तुला रजा कधी मिळते. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघते. ते म्हणाले, "पुढच्या नाई. आज काढ." वाऱ्याचं काय, असं मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधी, त्याच डिसेंबरात आम्ही गेलो. पार्सलच्या डब्यात त्या दोघांच्या सायकली, कारण तालीम त्याच सायकलींवर झाली होती; मला गावातली कुठलीही चालणार होती. गावातल्या आमच्या घरी उतरलो; तिथे आता माझी मावशी राहते. स्टेशनपासून घरापर्यंत काकूंनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला होता आणि या वेळी कुणी काही विचारलं नाही. मागच्या ओटीवर चहा घेताना काकांनी मान वर केली आणि विचारलं की हायवे किती जवळ आहे, सारख्या गाड्या जाताहेत. मावशी हसली. काकूंच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि ऐकत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरूच्या झाडांतून सायकली ढकलत निघालो. काका पुढे. झाडं संपली आणि ते थांबले.

वाळू नव्हती. म्हणजे होती, पण झाडांलगतची, कोरडी, भुसभुशीत. तिच्यात काकांची सायकल चाकं रुतून स्टँडशिवाय उभी राहिली. त्यापुढे पाणीच होतं. ज्या रुंद, सपाट, कडक वाटेसाठी आम्ही इतके रविवार सराव केला होता, ती त्याच्या खाली होती.

"वाळू कुठं गेली?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, भरती आहे. ते म्हणाले, भरती पुनवेला असते. आज अष्टमी आहे, मी कॅलेंडर पाहून आलोय. मी सांगितलं की पुनवेला मोठी असते, पण येते रोज. रोज? रोज, दिवसातून दोनदा.  काका म्हणाले, "कोकण, हे तू आमाले कधी सांगितलं नाई."

त्यांनी मला चढ विचारले होते, वळणं विचारली होती, बोटीवरच्या माणसाचा स्वभावसुद्धा विचारला होता. पाणी आपल्या जागेवर राहतं का, हे विचारलं नव्हतं. नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर वाढलेला माणूस ते कशाला विचारेल? आणि रोज परसात त्याचं येणं-जाणं ऐकत वाढलेली मी ते कशाला सांगेन?

काका लगेच हिशेबाला लागले. पाणी दुपारी उतरेल, पण तोवर ऊन चढेल, आणि परतीला पुन्हा भरती. म्हणजे वरच्या रस्त्याने जावं, पण तिथे खिंड. खिंडीत तू उतरून चाल, मी दोन्ही सायकली ढकलतो, मग पलीकडे… काकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. पदर खांद्यावर होता.

"थोडं चूप ऱ्हा ना जी," त्या म्हणाल्या. "मी पाहून राहिली."

 मी त्या घरात राहायला आल्यापासून काकांना वाक्य अर्धं सोडताना पाहिलं नव्हतं. काकू सुरूच्या एका आडव्या खोडावर बसल्या, पाय लांब करून. काही वेळाने काका त्यांच्या बाजूला जाऊन बसले.

तो दिवस तसाच गेला. मावशीने डबा पाठवला, तो तिथेच खाल्ला. दुपारी पाणी मागे गेलं आणि काकांनी फोटोत पाहिलेली वाळू उघडी पडली. तितकीच रुंद, तितकीच सपाट. मी मुद्दाम जवळ जाऊन सांगितलं की आता जाता येईल, कडक आहे. काकांनी वाळूकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. काकू उठल्या, त्यांच्या खांद्याचा आधार घेत ओल्या वाळूवरून पाण्यापर्यंत चालत गेल्या, पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि परत येऊन त्याच खोडावर बसल्या. मला फार बरं वाटलं. इतकं की मी थोडं लांब जाऊन उगाचच शिंपले वेचत बसले.

परतीची गाडी दिवसाची होती. डब्यात समोरच्या बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. काकूंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि साडीवरूनच गुडघे दाबत बसल्या.  माझ्याकडे न पाहता, काकूंकडेही न पाहता काकांनी विचारलं, "लग्नाले गेली होती तेव्हा काहून नाई पाह्यला?"

काकूंनी बाटलीचं झाकण उघडलं. दूध कुणी आणायचं ते सांगावं तशा त्या म्हणाल्या, "तुमी नेतो म्हनलं होतं ना."

काकांनी त्यांच्या हातातली बाटली घेतली. तळहातावर तेल ओतलं, खाली वाकले आणि भर डब्यात बायकोच्या पायाला, घोट्यापासून वर, सावकाश तेल लावू लागले. काकू "लोक पाहून राहिले" म्हणाल्या, पण त्यांनी पाय मागे घेतला नाही. समोरच्या गृहस्थांनी पेपर थोडा वर धरला, आणि मी खिडकीबाहेर पाहू लागले.